बरोबरी

नरपडच्या होड्यांच्या शर्यतीसाठी भाविनीने रुबी या संगणकाच्या भाषेत सॉर्टेड सेट, म्हणजे स्वतःच क्रम लावणारी यादी, लिहिला. वेळ टाकली की होडी आपोआप आपल्या क्रमावर जाऊन बसायची. ती जिथे शिकवायची त्या क्लासच्या मालकाने, दिपेशने, तो परस्पर उचलला आणि माईकवरून ठणकावून सांगितलं, "हा प्रोग्रॅम माझा!"

शर्यतीत दोन होड्या एकाच क्षणी किनाऱ्याला लागल्या. सारखी वेळ म्हणजे एकच होडी, असं सेटने धरलं आणि देवजी तांडेलाची होडी निकालाच्या पडद्यावर आलीच नाही. देवजीने दिपेशची कॉलर धरली.

"माझी होडी कुठं बुडवलीस रे?"

"भाविनी, कोड तुझाच आहे ना? सांग की यांना!" दिपेश किंचाळला.



ती चूक तिने आदल्या दिवशीच दुरुस्त केली होती. फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर.