विदूषकाचा डाव

वामनरावांनी नवा, मोठा पट मांडला आणि वजिराशेजारी एक अनोळखी सोंगटी ठेवली.

"हा विदूषक. उडतो घोड्यासारखाच, पण ज्याला मारतो त्याला आपल्या बाजूला घेतो."

अच्युत बघत होता. अर्धांगवायूनंतर मेंदूत संगणकाची चकती बसवल्यापासून तो पुन्हा बोलू लागला होता, हाताने जेवू लागला होता. पण आता कुठलाही खेळ समोर आला की त्याचा शेवट त्याला आपोआप दिसे. म्हणून बुद्धिबळ सुटलं, आणि वामनराव मित्रासाठी नवे नवे खेळ रचू लागले.

"दिसलं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"दिसलं रे. पांढरा जिंकतो."

"अजून सगळे नियम सांगितले नाहीत मी."

"उरलेलेही दिसले. वामन्या, तुझ्या डोक्यातून दुसरं काय निघणार?"

दोघेही हसले. मग वामनरावांनी विचारलं, "ती चकती तासभर बंद नाही करता येत?"

"येते की. पण मग जीभ लुळी पडते."

"खेळायला जीभ कशाला लागते?"

"घोडा कुठला आणि उंट कुठला, तेही कळत नाही मग."

सोंगट्या आवरायला वामनरावांनी हात पुढे केला, तेव्हा अच्युत म्हणाला, "राहू दे. खेळ."

वामनरावांनी प्यादं सरकवलं. अच्युत हनुवटीवर मूठ टेकवून, कपाळाला आठ्या घालून, पूर्वीसारखा बराच वेळ पटाकडे पाहत बसला.

"विचार करतोयस?" वामनरावांनी पुढे वाकून विचारलं.

"नाही रे. तुला बरं वाटावं म्हणून बसलोय असा."

"मग बस अजून थोडा वेळ," वामनराव म्हणाले.