सैल पट्टा

“वहिनी, पाणी आणा,” बॉनेटखाली कमरेपर्यंत बुडालेला मिस्त्री म्हणाला. “मला नको, गाडीला.”

तिने मगभर पाणी आणून दिलं. इंजिन चालू होतं आणि नेहमीसारखं किंचाळत होतं. मिस्त्रीने फिरत्या पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं, तशी किंचाळी दुप्पट झाली. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंनी नातवाचे कान झाकले. तक्रार त्यांचीच होती.

“पाण्याने आवाज बसला असता, तर पट्टा खराब,” मिस्त्रीने निकाल दिला. “वाढला, म्हणजे पट्टा सैल. पुली कामाला लागते आणि हा जागच्या जागी घसरतो. सरकारी माणसासारखा.”

तिचा नवरा सरकारी नोकरीत होता. तो हसला नाही.

“अहो, पण परवाच तर तुम्ही ताणला होता!”

“तेच म्हणतोय साहेब. ताणला, वर नटावर पिवळी रेघ ओढून ठेवली. ही बघा रेघ, कुठल्या कुठे गेलीय. नट आपणहून एवढा फिरत नाही. कोणीतरी पाना लावलाय.”

“लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?” नवरा उखडला. “घट्ट करा आणि व्हा मोकळे.”

पाना कोणी लावला असेल, हे तिच्या मात्र तेव्हाच लक्षात आलं.

भांडण या गाडीवरूनच झालं होतं. नवऱ्याने हौसेने ही जुनी गाडी घेतली, त्या दिवशी अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. सासरे जन्मभर कारखान्यात फिटर. त्यांनी बॉनेट उचलून आत पाहिलं आणि “भंगार” एवढा एकच शब्द उच्चारला. नवऱ्याने त्यात बरीच भर घातली. शेवटी ‘माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही’ आणि ‘पाय धरलेस तरी येणार नाही’ यावर दोघांचं एकमत झालं. दोघेही शब्दाचे पक्के. त्या घराण्यात अक्कल सोडून बाकी सगळं वारसाने येत होतं.

तेव्हापासून सासरे दुपारी मागच्या दाराने येत. मागचं दार घरात धरत नाहीत, असा त्यांनी कायद्याचा अर्थ लावला होता. सून त्यांना मऊ काहीतरी करून वाढायची. संध्याकाळी कोपऱ्यावर पट्टा किंचाळला, की ते चपला शोधत आणि ती दुसरा कप विसळायला घेई. तोवर नवरा गाडीची सगळी दारं ओढून बघे, टायरला लाथ मारून बघे आणि मग फाटकाशी उभा राहून लांबलचक खोके. त्या डबड्याची एवढी काळजी!

आत आला की पिशवीतून फार पिकलेली केळी काढी. “पुन्हा गळ्यात मारली बघ त्या केळेवाल्याने. मला नकोत. टाक, नाहीतर दे कोणाला.”

ती केळी दुसऱ्या दिवशी, दात नसलेले सासरे मिटक्या मारत खात. इतका भोळा नवरा, आणि आपण त्याला रोज फसवतो! तो “आमटी छान झालीय” म्हणाला, तरी तिला चोरी पकडली गेल्यासारखं होई.

मिस्त्रीने नट आवळला, नवी रेघ ओढली. गाडी मांजरीच्या पावलांनी ऑफिसला गेली.

दुपारी सासरे टेकले न टेकले तोच तिने विषय काढला.

“बाबा, खरं सांगायचं हं. येताना ह्यांच्या ऑफिसच्या आवारात गाडी दिसते ना?”

“दिसते की. एवढं भंगार लपणार कुठे?”

“तिचा नट तुम्ही ढिला करता ना? आपल्याला आवाज यावा म्हणून?”

सासऱ्यांनी समोरचा कप उचलला. तो तोंडापर्यंत पोचायच्या आत अर्धा चहा बशीत सांडला होता.

“सूनबाई, सदऱ्याची बटणं लावता लावता माझी सकाळ जाते. मी कसले नट फिरवतोय!”

म्हणजे मिस्त्रीच लबाड. स्वतःच्या कामाची लाज झाकायला रेघेच्या गोष्टी सांगत होता. आणि आज कोपऱ्यावर आवाज येणार नव्हता.

“बसा तुम्ही,” ती एकदम म्हणाली. “ते आले की मी सगळं सांगून टाकते. मला नाही आता हे सोसत.”

“आणि तो शब्द मागे घेईल? माझा मुलगा आहे तो. तोंडावर ‘निघा’ म्हणेल, आणि मग मला निघावंच लागेल, कायमचं. आत्ता कसं, मी मुळात आलेलोच नाही.” म्हाताऱ्याने बशीतला चहा भुरकला. “तू आपली गच्चीवर उभी राहा. गाडी दिसली की हाक मार.”

म्हणून संध्याकाळी ती पट्ट्याच्या जागी गच्चीवर उभी राहिली. आज रात्री जेवण झालं की नवऱ्याला सांगायचं, हात जोडायचे, काय व्हायचं ते होऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून गाडी येताना दिसली. आवाज नाही की काही नाही. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

पण गाडी गल्लीत वळलीच नाही. कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या आडोशाला थांबली. नवरा उतरला. त्याने मागेपुढे पाहिलं, बॉनेट उघडलं, कोटाच्या आतल्या खिशातून पाना काढला आणि इंजिनावर वाकला. मग हात पुसले, सीटवर कलंडलेली केळ्यांची पिशवी सरळ केली, आणि गाडी गल्लीभर किंचाळत घराकडे निघाली.