अडवलेली पगारवाढ

“मुंबई कुणाची ते आधी दिल्लीला ठरवू दे, कालिंदीबाई. मग तुमच्या पगाराचं बघू.”

वेलणकरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. म्हणजे बोलणं संपलं. एरवी एवढ्यावर कालिंदी मुकाट्याने आपल्या टाइपरायटरकडे वळायची. आज ती जागची हलली नाही.

ठाकुरद्वारच्या नाक्याजवळ, एका जिन्याच्या वर वेलणकरांची कचेरी होती. शाळांना नकाशे, पृथ्वीचे गोल, खडू-फळे पुरवायचा त्यांचा धंदा. मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य झालं तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने नवे नकाशे छापून घेतले. आता हे राज्यही टिकत नाही, अशी हवा होती आणि शाळा नकाशे घेईनात. हे काही कालिंदीला कुणी सांगायला नको होतं. ‘निदान एक तरी नकाशा घ्यावा’ अशी हेडमास्तरांना जाणारी पत्रं तिनेच तर टाइप केली होती.

पण याच मंदीत वेलणकरांनी जूनमध्ये हेरंब नावाचा नवा टायपिस्ट ठेवला. एकशेवीस रुपयांवर. त्याला धड रिबन बदलता येत नव्हती. तेही कालिंदीनेच शिकवलं. ती स्वतः सात वर्षं झाली तरी पंचाण्णववरच होती.

पगारवाढीसाठी ती तिसऱ्यांदा उभी होती. पहिल्यांदा वेलणकर म्हणाले होते, मार्चअखेर होऊन जाऊ दे. पुढच्या खेपेला म्हणाले, दिवाळी जाऊ दे. दोन्ही वेळा ती रडकुंडीला येऊन घरी गेली होती. दोन्ही वेळा अप्पांनी तिच्या हातात चहाचा कप दिला होता आणि म्हणाले होते, “काळीज नाही गं त्या माणसाला. तू मनाला लावून घेऊ नकोस.” आई गेल्यापासून घरात ती आणि अप्पा, दोघंच.

आणि तिकडे रमाकांत थांबला होता. मुंबईसाठीच्या सत्याग्रहात दोन महिने तुरुंगात काढून आला तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. आता दादरच्या एका वाचनालयात अर्धवेळ काम करत होता. कालिंदीचा पगार एकशेवीसच्या घरात गेला की खोली घ्यायची आणि लग्न करायचं, असं दोघांचं ठरलं होतं. अप्पांचीही ना नव्हती. “पगार वाढू दे, मग उडवूनच देऊ बार,” असं तेच म्हणाले होते. या गोष्टीला दोन वर्षं झाली. श्रावणात कालिंदीचं तिसावं सरलं.

“हेरंबला एकशेवीस दिलेत,” ती म्हणाली, “तेव्हा दिल्लीला विचारलं होतंत का?”

पलीकडच्या टेबलावरची टकटक थांबली. वेलणकरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. कालिंदीने पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. राजीनामा होता. सकाळी तिने स्वतःच टाइप केला होता, एकही चूक न करता.

वेलणकरांनी तो दोनदा वाचला. मग हेरंबला खाली पोस्टात पिटाळलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मला उगाच वाईट ठरवू नका. दोन्ही वेळा तुमची वाढ मी मंजूर केली होती. तुमचे वडील येऊन गेले. इथे, याच खुर्चीपाशी हात जोडून उभे राहिले. म्हणाले, एवढ्यात वाढ नका देऊ. आणि कालिंदीला कळता कामा नये.”

“का?”

“ते नाही सांगितलं. मीही फार खोदून विचारलं नाही. माझे पैसे वाचत होते, खोटं कशाला बोलू?” त्यांनी राजीनाम्याचा कागद परत तिच्याकडे सरकवला. “या महिन्यापासून एकशेवीस. आता कुणी आलं तरी ऐकायचा नाही.”

जे मिळवायला दोन वर्षं झुरली ते मिळालं, आणि तिला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. सहा वाजता ती जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. अप्पांनी कारकुनीत तीस वर्षं काढली, पण निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पगाराने शंभरी गाठली नव्हती. मुलीने आपल्या पुढे जावं, हे त्यांना सोसलं नसेल. एवढीच गोष्ट! तिने वाटेत चार जळजळीत वाक्यं जुळवली. गिरगावातल्या आपल्या चाळीच्या जिन्याशी पोचेपर्यंत त्यांतली दोन तिने स्वतःच खोडली. म्हातारं माणूस, मान दुखावला असेल.

अप्पा स्टोव्हला पंप मारत होते. तिची चाहूल लागताच त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणाला तुझा साहेब?”

“सगळं सांगितलं त्यांनी, अप्पा. तुम्ही दोनदा गेला होतात ते.”

पंपाचा हात थांबला.

“माझा पगार तुमच्यापुढे गेला, तर त्यात तुम्हाला कसला कमीपणा आला असता?” आता मात्र तिचा आवाज चढला. “दोन वर्षं, अप्पा! दोन वर्षं मी त्या माणसापुढे तोंड वेंगाडलं. घरी आले की तुम्ही मला चहा करून द्यायचात!”

अप्पांनी काही न कळल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. “कमीपणा? छे गं. कमीपणा कसला?”

“मग?”

स्टोव्ह विझत चालला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“वाढ मिळाली का?” त्यांनी विचारलं.

“मिळाली.”

अप्पांनी मान हलवली. मग खाली बघत, परक्याच्या दारात काही मागायला आल्यासारखे म्हणाले, “खोली... गिरगावातच घ्याल ना गं?”