चैत्रातला तिळगूळ

मोहल्ल्यातल्या हौशी मंडळींनी जुन्या काशीची माहिती देणारे फलक घाटावर लावले होते. अहिल्याबाई घाटावरचा, मराठी घरांतल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा फलक वासुदेवकाकांनी केलेला. वर हिंदी मजकूर, खाली मराठी. काका रोज शेजारी दोन खुर्च्या टाकून बसत. लोक हिंदी वाचत, फोटो काढत आणि नावेकडे वळत.

आज पाटणकरांची मुलगी रुची थांबली. खालचं मराठीही तिनं अक्षर अक्षर लावत वाचलं.

"काका, नीचे गलत लिखा है. चैत्र में तिळगूळ कौन देता है? वो तो संक्रांत का है. ऊपर हिंदी में आंबेडाळ सही लिखा है आपने."

"मुद्दाम लिहिलंय," काका म्हणाले. "मराठी माणसानं हे वाचलं, तर माझ्याशी भांडल्याशिवाय त्याला पुढे जाववणार नाही."

"तो मैं आ गई ना झगड़ने."

काका हसले. तिच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

ती घरी गेली, तरी काकांनी तो तिळगूळ खोडला नाही. सुनीतीकाकू वारल्यापासून काकांशी मराठीत कोणी भांडलं नव्हतं.