मोकळा तास

“बाकी किती उरली?” कादंबरीने पुन्हा विचारलं.

अंतरा वहीकडे बघत अंगठ्याजवळचं कातडं सोलत होती. आठ वर्षांची पोर, पण चेहरा म्हातारीसारखा ओढलेला. कादंबरीचा आवाज चढला. “अगं, काल समजावलं, आज समजावलं. इतकं सोपं येत नाही तुला? लक्ष कुठे असतं?”

“सॉरी, बाई,” अंतरा म्हणाली.

बाई म्हणायचा नियम कादंबरीनेच घातला होता. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळी दहा वाजले की घरचा गाऊन जाऊन इस्त्रीचा कुर्ता यायचा, जेवणाच्या टेबलाचा बाक व्हायचा आणि आईची बाई व्हायची. घरची शाळा झाली म्हणून काय झालं, शिस्त नको का?

हे सगळं सुरू झालं ते गेल्या वर्षी. अंतरा शाळेतून आली, दप्तर दारातच टाकलं आणि थेट आईच्या कमरेला बिलगली. “आई, बाई मला सगळ्यांसमोर खूप बोलल्या,” एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडली. बाईंनी तिला उभं करून पाढा म्हणायला लावला होता आणि ती अडखळल्यावर अख्खा वर्ग हसला होता. कादंबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उद्यापासून त्या शाळेत पाऊल टाकायचं नाही,” तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. बँकेतली नोकरी सोडली आणि पदर खोचून पोरीच्या शिक्षणाला लागली. हौस होती, अक्कल होती, माया तर होतीच होती.

दर रविवारी ती आठवड्याचे पाठ आखायची. वेळापत्रक कसं, नेसलेल्या साडीसारखं हवं, असं ती सगळ्यांना सांगे. घट्ट खोचलेलं, पण पाऊल टाकता येईल इतपत मोकळं. म्हणून नदीचा पाठ शहाडला उल्हासच्या काठी झाला आणि खाडीचा कोलशेतला. परत आल्यावर दहा ओळी लिहायच्या, बस्स. अपूर्णांक तर चक्क ताटातल्या पोळीवरून व्हायचे. पोळी गार होऊन जायची, पण पाव आणि अर्धा पक्का व्हायचा. शिवाय रोज दुपारी चारला मोकळा तास. त्या तासाला अंतरा म्हणेल ते.

पण अंतरा काही म्हणायचीच नाही. खिडकीच्या ग्रिलला नाक लावून बसून राहायची. तास फुकट जायला नको म्हणून कादंबरी मग त्यात कधी कागदाचं घडीकाम घाली, कधी इंग्रजी शब्द.

पोर दिवसेंदिवस मिटत चालली होती. जेवताना बोलेना, झोपेत दात खायला लागली. कादंबरीच्या जिवाला घोर लागला. एकदा तिचा नवरा साकेत भीतभीत म्हणालासुद्धा, “जरा सैल सोड ना गं तिला.”

“अजून किती सैल? रोज मोकळा तास कुठल्या शाळेत देतात, सांग बघू!”

साकेतने मुकाट्याने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. बायकोशी वाद घालून जिंकलेला नवरा त्याच्या पाहण्यात नव्हता. कादंबरीने मात्र आपल्या मनाची समजूत घातली. त्या मेल्या शाळेने पोरीचं मन दुखावलंय, भरून यायला वेळ लागणारच. आपण आहोत ना.

तरी सकाळचा तो भागाकार तिला आज दिवसभर टोचत राहिला. ओढलेला तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. चार वाजले तेव्हा तिने पुस्तकं मिटून बाजूला सारली. “आज मी काही म्हणजे काही सुचवणार नाही. तू सांगशील ते करायचं.”

अंतराने मिटलेल्या पुस्तकांकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, “शाळा-शाळा खेळूया?”

कादंबरीचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी पोर खेळायचं म्हणत होती! आणि तेही शाळा-शाळा. म्हणजे केलेलं वाया गेलं नाही. तिने उत्साहाने खडू पुढे केला. “घे. तू बाई हो, मी मुलगी होते.”

“नाही. मी मुलगीच. तू आई हो.” अंतराने खडू बाजूला सारला. “नुसती आई.”

मग तिने स्टुलावर चढून कपाटावरचं जुनं दप्तर काढलं. हाताने धूळ झटकली, पाठीला लावलं, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

आत कादंबरी शिकवतानाची ओढणी काढून, हसू दाबत उभी राहिली. खेळायचं तर नीट खेळायचं.

बेल वाजली. तिने दार उघडलं. “आलीस, राणी? कशी झाली शाळा?”

अंतराने दप्तर दारातच टाकलं आणि धावत येऊन आईच्या कमरेला मिठी मारली. कादंबरी अजून हसतच होती. मग कुर्ता ओला लागला. पोर हमसून हमसून रडत होती.

“अगं बाळा, काय झालं?”

“आई,” तोंड आईच्या पोटात खुपसून अंतरा म्हणाली, “या नवीन बाईसुद्धा तशाच आहेत गं.”