मशिनीला नाक नसतं

"हे कुणाला पटायचं न्हाई," बाकावर ऐसपैस मांडी घालत हौसराव आबा म्हणाले, "पण ती हरवलेली कांद्याची वॅगन मी नुसत्या नाकानं हुडकली!"

न्हावऱ्याच्या स्टँडवर सोजराबाईचं हॉटेल. गिऱ्हाइकं गिलास घेऊन बाहेर रस्त्यालगत उभी होती. बाकावर एकटे आबा.

आबा दौंडच्या यार्डात वहीत वॅगनींचे नंबर लिहायचे. मग प्रत्येक वॅगनीला टॅग आला, रुळाकडेचं मशीन तो वाचू लागलं, आणि आबा घरी बसले. टॅग बसवायचं काम सोजराबाईच्या लेकीला, तेजश्रीला मिळालं.

गेल्या महिन्यात मशिनीनं कांद्याची वॅगन मनमाडला दाखवली. तिथं निघाली सिमेंटची. टॅग मात्र कांद्यावालीचा. खापर तेजश्रीवर फुटलं. उद्या तिची शेवटची चौकशी. नोकरी राहते की जाते, ते उद्याच ठरणार.

"एकवीस दिस कांदा सडला! वॅगनीच्या दारातनं काळं पानी गळतंय, तार सुटलेलं. अळ्यांची रांग पार सिग्नलपातूर. वरनं कावळा गेला की भोवळ यिऊन खाली!"

"आबा, चहा तरी पिऊ द्या!" नवनाथनं बाहेरूनच पचकन थुंकून नाकाला रुमाल लावला.

"मी यष्टीत. पाटस आलं न्हाई तोच वास धरला. नाक म्होरं, मी मागं. थेट बाभळीआडच्या बंद लायनीवर! यार्डातला सायेब म्हनला, आबा, मशिनीला नाक नसतं. सोमवारपासनं वही घिऊन या."

सोजराबाईनं दुसरा चहा पुढं ठेवला. "लईच घाण व्हती म्हना की."

"घाण? तुजं हॉटेल म्हंजी अत्तराचं दुकान तिच्यापुढं! बग की, चहाचा वास कसा घमघमतोय."

बाहेरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

सोजराबाईनं चुलीची फुंकणी घेतली. तिनं आबांच्या बाकाखालचं पोतं ओढून काढलं. फुगून फुटलेली घूस फरशीवर घरंगळली. नवनाथ ओकाऱ्या देत गटारीकडं पळाला. आबांचा गिलास ओठाशीच थांबला.

"परवापासनं मीच ठिवलीया. गिऱ्हाईक आत पाय ठेवंना, आन् तुमी दोन दिस हितंच चहा पिताय," ती म्हणाली. "आबा, वास तुमाला येतच न्हाई. वॅगन कुठं हुबी हाय ते तुमी तिचा टॅग काढून सिमेंटवालीला लावला तवाच ठावं व्हतं तुमाला!"