टोपलीखालचं पीठ

लीलाबाई जन्मात पहिल्यांदा नवऱ्याची चित्रं बघायला आली, तीही भैय्याजींनी जीप पाठवली म्हणून. पांढुर्ण्यात संत्र्याचा व्यापार करता करता भैय्याजींना कलेची हौस आली होती. गोदामावरच्या खोलीला चुना मारून त्यांनी तिला गॅलरी म्हणायला सुरुवात केली. सत्त्याऐंशी साली अख्ख्या तालुक्यात असली ही एकच.

भिंतींवर देवीदासची चित्रं होती. चित्रं कसली, पांढरा कॅनव्हास आणि त्यावर एखादी रेघ. कुठे तर नुसता ठिपका. गावातले लोक हसू दाबत होते, नागपूरचे पाहुणे माना डोलवत होते. सत्तरीचा देवीदास नवा कुर्ता घालून त्यांच्यात मिरवत होता. जन्मभर घर बायकोच्या मजुरीवर चाललं, त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही, आज काय वाटणार!

लीलाबाई पहिल्याच चित्रापुढे थांबली. पांढऱ्यावर तीन बारीक रेघा, चिमणीच्या पावलासारख्या. हे पाऊल तिच्या ओळखीचं होतं.

सहा वर्षांचा मनोहर तापानं गेला तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या जागेवर पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल, तो गेलेल्याचा पुढचा जन्म. टोपली उचलली तर हेच पाऊल. पोरगं चिमणी झालं म्हणून बाया रडल्या आणि लीलाबाईचं रडणं थांबलं. तेव्हापासून अंगणात मूठभर ज्वारी टाकल्याशिवाय तिनं तोंडात घास घातला नव्हता. घरात दाणा नसला की शेजारणीकडून मागून आणायची. बाहेर निघाली तरी पदराच्या गाठीत ज्वारी असायची, आजही होती. नवरा मात्र पोराबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. म्हणजे त्याच्याही मनात होतं तर! तिचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला आपण उगाच दगड समजत होतो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात नागपूरच्या वर्तमानपत्रातल्या स्मिताबाईंनी देवीदासला त्याच चित्राबद्दल विचारलं. इतकं कमी काढायचं सुचलं कुठून?

देवीदास खुलला. "पोरगं गेलं त्या रातची गोष्ट. झोप काही येऊन नव्हती राहिली. टोपली उचलून पाह्यली, तं पीठ कोरं. एक डाग नाही. इतकं सुंदर पांढरं म्या कधी पाह्यलंच नव्हतं. राहवलं नाही. बोटानं तीन रेघा ओढल्या अन् टोपली परत झाकून देली. तवाच समजलं, चित्राले याच्याहून जास्त काही लागत नाही."

टाळ्या पडल्या. भैय्याजींनी गळ्यात हार घातला. फोटोवाला पुढे सरसावला आणि त्यानं लीलाबाईलाही नवऱ्याशेजारी उभं राहायला सांगितलं. ती आली. पदराची गाठ तिनं मुठीत घट्ट धरली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मंग माहा मनोहर कुठी गेला?"